आधी मोजा, मग आवळा
(साक्षरता वर्गाच्या सभेत दिलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. सारा जन्म पोरांना पाढे शिकवण्यात गेला. आज मी तुम्हांला एका यंत्राची गोष्ट सांगणार आहे. मास्तराचा आणि यंत्राचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे. माझ्या एका चुकीमुळे ते यंत्र ऐन कामाच्या दिवसांत बंद पडले. ती चूक कशी झाली आणि कशी निस्तरली, हे तुम्हांला सांगितले म्हणजे तुमचा तरी तोटा वाचेल.

लेथ म्हणजे काय

सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. गोल, गुळगुळीत, लाखेच्या रंगाची. १९८१ सालापर्यंत सावंतवाडी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. तिथले कारागीर लाकूड गरगर फिरवतात आणि त्याला पटाशी लावतात. लाकूड गोल कातले जाते. लोखंड असेच कातायचे जे यंत्र, त्याला लेथ म्हणतात.

लेथच्या डाव्या बाजूला एक जाड दांडा असतो. त्याला स्पिंडल म्हणतात. स्पिंडलच्या तोंडाला चक असतो. चक म्हणजे लोखंड पकडणारा पंजा. स्पिंडल फिरला की चक फिरतो, चक फिरला की त्यात धरलेले लोखंड फिरते.

हा स्पिंडल दोन ठिकाणी टेकलेला असतो. एक जागा पुढे, चकाजवळ. दुसरी मागे. या टेकायच्या जागांना बेअरिंग म्हणतात. जुन्या लेथमध्ये तिथे गनमेटलचे बुश असते. गनमेटल ही तांबे आणि कथील यांची धातू. ती लोखंडापेक्षा मऊ असते. बुश बऱ्याचदा दोन अर्धांचे असते. खाली एक वाटी, वर एक वाटी. वरच्या वाटीवर टोपी आणि टोपीला बोल्ट.

घरातले जाते आठवा. जात्याची मधली खीळ सैल झाली की वरची तळी डुलते. मग पीठ कुठे जाड, कुठे बारीक येते. लेथचेही तसेच आहे. बेअरिंग झिजले की स्पिंडल डुलतो. मग लोखंड गोल कातले जात नाही. त्यावर लाटा उठतात. यंत्र खरखरते. मिस्त्री लोक या ढिलाईला प्ले म्हणतात.

आमचा लेथ कसा आला

आमच्या वाडीतल्या सात-आठ तरुणांनी मिळून एक लहान वर्कशॉप काढले. त्यांत माझा पुतण्याही आहे. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून माझी सही आहे. मिरकरवाड्याच्या होड्यांची कामे मिळतील, हा त्यांचा हिशोब. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या वर ओढतात. इंजिने उघडतात. पंख्याचे शाफ्ट झिजलेले असतात, ते कातून सारखे करायचे असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केला की होड्या पाण्यात जायला हव्यात. ज्याचा शाफ्ट तयार नाही, त्याची होडी वाळूतच राहते. त्याच्या खलाशांच्या चुलीही थंड.

नवा लेथ घेण्याची आमची ऐपत नव्हती. जुना घ्यायचे ठरले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी यंत्रे मिळतात. तिथून सहा फुटी लेथ ट्रकात घातला आणि आंबा घाटाने खाली उतरवला.

जुने यंत्र म्हणजे टाकाऊ यंत्र नव्हे. आपल्या लोकांनी यंत्रे करायला सुरुवात केली त्याला शंभरावर वर्षे झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहर येथे लेथ बनवण्याचा कारखाना काढला. तो कारखाना पुढे बंद पडला. पण त्याचे लेथ अजून कितीतरी वर्कशॉपांत फिरत आहेत. लेथचे अंग बिडाचे असते. ते सहसा लवकर झिजत नाही. लवकर झिजते ते बेअरिंग. आणि बेअरिंग दुरुस्त करता येते. म्हणून जुना लेथ घेणे शहाणपणाचे होते. त्यापुढे जे केले ते शहाणपणाचे नव्हते.

माझी चूक

आषाढ महिना होता. शाफ्टांची रांग लागली होती. एके दिवशी पुतण्या घरी आला. म्हणाला, "काका, जॉब गोल येत नाय. वर लाटा पडतायत."

मी वर्कशॉपात गेलो. चक हाताने हलवून पाहिला. जरा डुलत होता. मी म्हटले, "अरे, सैल झालंय. आवळून टाक. घट्ट असलेलं बरं."

बुशाच्या दोन वाट्यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, पितळेचे पातळ पत्रे होते. त्यांना शिम म्हणतात. पत्रे काढले की टोपी खाली बसते आणि ढिलाई कमी होते. पुतण्याने विचारले, "किती पत्रे काढू?"

मी म्हटले, "सगळे काढ."

बघा मंडळी. ज्या मास्तराने तीस वर्षे पोरांना सांगितले की आधी गणित मांडा, मग उत्तर लिहा, त्याने स्वतः काही न मांडता उत्तर दिले.

आणखी एक गोष्ट घडली होती. आमच्याकडे एक मदतनीस काम करतात. वय पन्नाशीचे. आधी होडीवर खलाशी होते. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. यंत्राला वंगण घालायचे काम त्यांच्याकडे. होडीच्या विंचला ते ग्रीस भरत असत. त्याच सवयीने त्यांनी लेथच्या तेलाच्या कपातही ग्रीस भरले. कपाच्या खाली एक वात असते. तेल त्या वातीतून झिरपत बेअरिंगला जाते. ग्रीस वातीतून जात नाही. वाट बंद झाली. भाऊंना ते कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी लेथ चालू केला. पहिला अर्धा तास ठीक गेला. मग जळका वास आला. पुढच्या बेअरिंगमधून धूर निघाला. पट्टा किंचाळला आणि स्पिंडल जागच्या जागी अडकला. चकात होता एका होडीचा अर्धा कातलेला शाफ्ट.

नारळी पौर्णिमा बावीस दिवसांवर होती.

लेबल कोणी वाचले

आम्ही कोल्हापूरहून एक जाणता मिस्त्री बोलावला. तो आला. काही बोलला नाही. त्याने आधी मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून खिशात घातला. मला म्हणाला, "गुरुजी, यंत्रात हात घालायचा तर फ्यूज आपल्या खिशात पाहिजे. दुसरा कोणी येऊन बटण दाबेल."

मग चकाखाली लाकडाची फळी ठेवून त्याने चक उतरवला. चक जड असतो. हातातून सुटला तर बोट जाते आणि खालचा बेडही खराब होतो.

त्याने भाऊंना हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडलचे घर, रॉकेलच्या फडक्याने पुसायला सांगितले. पुसता पुसता काळ्या थराखालून एक लहान पत्रा दिसला. आधीच्या मालकाने तो तारेने बांधला होता. त्यावर रंगाने अक्षरे काढली होती. भाऊ थांबले. बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागले. ते तेव्हा चार महिने आपल्या रात्रीच्या वर्गाला येत होते.

"ते... तेल. रो... रोज. ग्री... ग्रीस न... नको."

वर्कशॉपात कोणी काही बोलले नाही. भाऊंनी पुन्हा एकदा वाचले. मग ते म्हणाले, "गुरुजी, ह्या हितं लिवलेलं होतं. मला आधी वाचता आलं असतं तर?"

मी म्हटले, "भाऊ, मला वाचता येत होतं. मी पुसून पाहिलं नाही. तुमच्यापेक्षा माझी चूक मोठी."

दुरुस्ती कशी झाली

टोपी उघडण्याआधी मिस्त्रीने पंचाने खुणा केल्या. पुढच्या टोपीला एक ठिपका, मागच्या टोपीला दोन. जिथली वाटी तिथेच बसली पाहिजे आणि त्याच तोंडाने बसली पाहिजे. हे भाग एकमेकांबरोबर झिजलेले असतात. अदलाबदल झाली की ते बसत नाहीत.

पुढचे बुश ओरबाडले गेले होते. धातू खेचली गेली होती. स्पिंडलवरही रेघा होत्या. मिस्त्रीने त्यावरून नख फिरवले. नख अडकत होते. तो म्हणाला, "नख अडकलं तर नुसतं पॉलिश करून भागत नाही." स्पिंडल कोल्हापूरला नेला. तिथे ग्राइंडिंग करून रेघा काढल्या. त्या मापाचे नवे गनमेटलचे बुश करून आणले. यात बारा दिवस गेले. कर्जाचा एक हप्ता थकला.

पुढचे काम आमच्यासमोर झाले. ते नीट ऐका.

नवे बुश पहिल्या फटक्यात बरोबर बसत नाही. मिस्त्रीने स्पिंडलला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला. बुशात ठेवून थोडा फिरवला. उचलून पाहिला. बुशावर जिथे उंचवटा होता, तिथे निळे डाग उमटले. ते डाग त्याने स्क्रेपरने हलके खरवडले. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणे, पुन्हा खरवडणे. असे दिवसभर चालले. शेवटी निळे ठिपके बुशभर सारखे पसरले. तेव्हा तो थांबला.

माझा पुतण्या म्हणाला, "एवढा वेळ कशाला? पॉलिशपेपर मारला तर?"

मिस्त्री म्हणाला, "बुशाला पॉलिशपेपर कधी मारायचा नाही. गनमेटल मऊ. पेपरची कच त्यात रुतून बसते. मग तीच कच स्पिंडलला खात राहते."

माप कसे घेतले

आता मोजण्याची गोष्ट. एक मिलीमीटर म्हणजे पट्टीवरचा सगळ्यांत लहान घर. त्याचे शंभर भाग करा. त्यातला एक भाग डोळ्यांना दिसत नाही. आपल्या डोक्याचा केस असे पाच ते दहा भाग जाड असतो. लेथचे बेअरिंग अशा भागांनी मोजतात.

त्यासाठी डायल गेज नावाचे घड्याळ असते. त्याचा काटा असे शंभरावे भाग दाखवतो. मिस्त्रीने गेज बेडवर पक्के बसवले आणि त्याचे टोक स्पिंडलच्या तोंडावर वरून टेकवले. चकावर नाही, स्पिंडलवर. मग स्पिंडलच्या पोकळीत एक मजबूत दांडा घातला आणि भाऊंना सांगितले, "उचला. झटका नको." भाऊंनी दांडा उचलला. काटा हलला. भाऊंनी आकडा वाचला, "बारा."

मिस्त्रीने मुद्दामच आधी जास्त पत्रे घातले होते. तो म्हणाला, "ढिलाईकडून घट्टपणाकडे यायचं. घट्टाकडून उलटं नाही."

ज्याच्या स्पिंडलची जाडी पन्नास मिलीमीटरच्या आसपास आहे, अशा लेथला साधारण तीन-चार भाग ढिलाई लागते. अगदी शून्य करून चालत नाही. त्या फटीत तेलाचा पातळ पापुद्रा राहतो. स्पिंडल खरे म्हणजे त्या तेलावर फिरतो. फट नाही तर तेल नाही. तेल नाही तर धातूला धातू घासते आणि जळते. यंत्राबरोबर बनवणाऱ्याचे पुस्तक आले असेल तर त्यातला आकडा खरा मानावा.

बारा भाग होते. चार हवे होते. भाऊंनी बोटांवर वजाबाकी केली. आठ काढायचे. मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी सारखेच पत्रे काढले. आधी पाच भाग जाडीचा एकेक. बोल्ट पूर्ण आवळले. मोजले. सात आले. मग तीन भाग जाडीचा एकेक. पुन्हा बोल्ट पूर्ण आवळून मोजले. चार आले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोल्ट नेहमी पूर्ण आवळायचे. ढिलाई ठरवायची ती पत्र्यांनी, बोल्ट अर्धवट ठेवून नाही. अर्धवट बोल्ट चालता चालता सुटतो.

पुढचे बेअरिंग झाल्यावरच त्याने मागचे हातात घेतले. दोन्ही एकदम छेडले नाहीत.

मग स्पिंडल पुढे-मागे सरकतो का, ते पाहिले. गेजचे टोक स्पिंडलच्या तोंडावर समोरून टेकवले. स्पिंडल ढकलला, ओढला. आठ भाग सरकत होता. मागच्या टोकाला एक नट असतो. तो थोडा फिरवला, वरचा लॉक नट आवळला, पुन्हा मोजले. दोनवर आणला. हाताने स्पिंडल फिरवून पाहिला. सगळीकडे सारखा फिरत होता, कुठे अडत नव्हता.

चालवून पाहिले

वात नवी घातली. यंत्राच्या तेलाने कप भरला. लेथ सगळ्यांत कमी वेगावर अर्धा तास रिकामा चालवला. दर पाच मिनिटांनी लेथ थांबवून भाऊ बेअरिंगच्या टोपीला हात लावत. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नाही इतकी तापली तर तिथेच थांबायचे आणि शोधायचे. आमची कोमट राहिली. मग वेग एक पायरी वाढवला. पुन्हा तसेच. असे अर्धा दिवस चालले.

शेवटी एक जाड सळई चकात धरली. मागून आधार न देता हलका कट घेतला. दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजली. एक टोक जाड आणि दुसरे बारीक असेल तर स्पिंडल बेडच्या रेषेत नाही, असे समजावे. एकाच जागी फिरवून मोजताना आकडा बदलला तर जॉब गोल नाही. आमचे दोन्ही बरोबर आले.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. पोरांनी रात्रंदिवस काम केले. सात शाफ्ट झाले. एक राहिला. ती होडी सहा दिवस उशिरा पाण्यात गेली. त्या होडीवाल्याकडे मी स्वतः गेलो आणि माफी मागितली. त्याने चहा दिला. पण सहा दिवसांची मासळी मी त्याला परत देऊ शकलो नाही.

तुमच्यासाठी चार गोष्टी

तुमच्यापैकी कोणी जुना लेथ घेईल. कोणाचा मुलगा आयटीआयला शिकून मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत लागेल. म्हणून हे लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. जॉबवर लाटा पडल्या म्हणजे दोष बेअरिंगचाच असे नाही. आधी सोपे दोष पाहा. कापणारे हत्यार घट्ट धरले आहे का? ते फार बाहेर आले आहे का? त्याची धार गेली आहे का? लेथ जमिनीवर सारखा बसला आहे का? चकाचे जबडे झिजले आहेत का? हे सगळे ठीक असेल, तरच बेअरिंगकडे जा.

दुसरी गोष्ट. आपल्या लेथमध्ये कुठल्या जातीचे बेअरिंग आहे ते आधी ओळखा. नव्या लेथमध्ये बुश नसते, गोळ्यांचे किंवा रोलरचे बेअरिंग असते. तिथे शिम काढायचे नसतात. मागच्या नटाने ते आवळतात, तेही अगदी थोडे. ते झिजले तर दुरुस्त होत नाही, नवेच घालावे लागते. आणि ते हातोड्याने ठोकून बसवू नये. एका ठोक्याने त्याच्या वाटेवर खड्डा पडतो, मग ते जन्मभर आवाज करते.

तिसरी गोष्ट. तेल की ग्रीस, हे वाचून ठरवा. अंदाजाने नाही. आपल्याकडची हवा खारी. लोखंड लवकर गंजते. काम संपल्यावर यंत्र पुसा आणि तेलाचा हात द्या.

चौथी गोष्ट. एक वही ठेवा. आमच्या लेथला आता एक वही टांगलेली आहे. ती भाऊ लिहितात. तारीख, तेल घातले की नाही, टोपी किती तापली, आणि महिन्यातून एकदा गेजचा आकडा. मागच्या महिन्यात आकडा पाच होता. त्याआधी चार. म्हणजे झीज हळूहळू चालली आहे. आठ-नऊ झाला की एक पातळ पत्रा काढायचा. लाटा पडायची, धूर निघायची वाट पाहायची नाही. वही आधीच सांगते.

भाऊंचे अक्षर अजून वाकडे आहे. पण आकडा चुकत नाही. परवा माझा पुतण्या घाईत म्हणाला, "भाऊ, जरा सैल वाटतंय, आवळूया."

भाऊंनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि गेज पुढे केले. म्हणाले, "आधी मोज. काय आकडा येतो तो मला सांग. मग बघू."

मी बाजूला उभा होतो. काही बोललो नाही. बोलायला काही उरले नव्हते.